शेतीच्या नावानं चांगभलं

कॅलिफोर्निया राज्याच्या सरकारी दप्तरात ‘बाविसावं जिल्हा शेतकी मंडळ’ अशी एक संस्था आहे. नाव वाचल्याबरोबर आपल्या डोळ्यांसमोर काय उभं राहतं ते सांगायला नको. गळकी कौलं, कोपऱ्यात रचलेल्या बियाण्याच्या पिशव्या, भिंतीवर मावा आणि तुडतुडे यांची रंगीत चित्रं, आणि साहेब फिल्डवर गेल्यामुळे मोकळी पडलेली खुर्ची. प्रत्यक्षात या मंडळाची मालमत्ता पॅसिफिक महासागराच्या ऐन काठावर, सॅन डिएगोच्या उत्तरेला डेल मार नावाच्या टुमदार गावात आहे. जागा साडेतीनशे एकरांच्या आसपास. तिच्यावर एक मैल घेराचा घोड्यांच्या शर्यतींचा ट्रॅक, त्याला साजेसा भलाथोरला ग्रँडस्टँड, तबेले, प्रदर्शनांचे हॉल, गाण्याबजावण्याचं थिएटर, शिवाय गोल्फच्या सरावाची सोय. मंडळावर राज्यपालांनी नेमलेले नऊ संचालक असतात. त्यांच्यापुढे येणारे विषय म्हणजे कुठल्या कार्यक्रमाला कुठली तारीख द्यायची, स्टॉलचं भाडं किती घ्यायचं आणि शर्यतींच्या मोसमात गाड्या कुठे लावायच्या. खताचा विषय कधीच निघत नाही असं नाही. पण ते खत तबेल्यांमागे साचलेलं असतं आणि प्रश्न एवढाच असतो की ते टाकायचं कुठं.

यावर हसणं सोपं आहे, आणि हसू नये असंही नाही. पण हसून झाल्यावर बहुतेक लोक जो निष्कर्ष काढतात तो मला मान्य नाही. ते म्हणतात, ही शुद्ध बनवाबनवी. आत जुगार आणि चैन, बाहेर पाटी शेतीची. माझं म्हणणं असं की कुठल्याही जत्रेला एक सभ्य सबब लागतेच. सबब नसलेली जत्रा चार वर्षं धड चालत नाही, पाचव्या वर्षी तिथं ‘लवकरच येत आहे’ असा गृहसंकुलाचा फलक लागतो. डेल मारचं मैदान आज नव्वदीच्या घरात आहे, आणि ते इतकं टिकलं याचं श्रेय मी घोड्यांना किंवा समुद्राला देत नाही. ते त्या पाटीला देतो. पाटी खरी की खोटी हा प्रश्न त्या मानानं दुय्यम आहे. ती लावल्यामुळे मालकाला काय काय करणं भाग पडलं, हे बघायला हवं.

मराठी माणसाला हे पटवून द्यायला फार पुरावा लागू नये. ग्रामदैवताच्या यात्रेला निघालेला माणूस ‘देवाला जाऊन येतो’ म्हणतो. ‘पाळण्यात बसतो, भजी खातो, कुस्त्या बघतो, रात्री तमाशाला थांबतो, मध्ये वेळ मिळाला तर देवाला हात जोडीन’ असं म्हणत नाही, जरी दिवसाचा हिशेब मांडला तर तो साधारण असाच निघत असला. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला जत्रा भरते ती एकमुखी दत्ताची. पण दूरदूरचे व्यापारी तिथं पोचतात ते घोड्यांचे दात मोजायला. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाच्या साक्षीनं घोड्यांपासून गाढवांपर्यंत सगळ्यांचे सौदे होतात. देवाचं यात काही बिघडत नाही. उलट देव आहे म्हणून तिथी ठरलेली आहे, जागा ठरलेली आहे, आणि ती जागा प्लॉट पाडून विकायची छाती कोणा पाटलाला होत नाही. कॅलिफोर्नियाची पंचाईत अशी की तिथल्या सरकारला या कामी देव वापरता येत नाही, राज्यघटना आड येते. तेव्हा ज्याच्याविरुद्ध भर सभेत कोणी तोंड उघडू शकणार नाही असं दुसरं दैवत शोधणं आलं. शेती हे तसं दैवत आहे. तिच्या बाजूनं बोलायला शेतकरी असावं लागत नाही, आणि बोलल्यावर शेतात जावं लागत नाही.

हे मंडळ भरवतं ती सॅन डिएगो काउंटीची जत्रा मुळात १८८० सालापासूनची, आणि तेव्हा ती खरोखरच शेतीची होती. त्यामुळेच तिचे हाल होते. एकाच जागी तिचा पाय ठरेना. भोपळा कितीही थोर झाला तरी माणूस त्याच्याकडे बघून बघून किती वेळ बघणार? १९३३ साली महामंदीनं सरकारी तिजोरीचा तळ दिसू लागला तेव्हा कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी घोड्यांवर पैसे लावायला मुभा दिली. पद्धत टोटची. लोकांनी लावलेला सगळा पैसा एकत्र करायचा, त्यातून सरकारचा आणि ट्रॅकचा वाटा आधी बाजूला काढायचा आणि उरलेला जिंकणाऱ्यांत वाटायचा. म्हणजे घोडा कुठलाही येवो, सरकार हरत नाही. त्यातला काही पैसा जत्रांकडे वळला, आणि भोपळ्याला प्रथमच भक्कम आश्रयदाता मिळाला. या राज्याच्या कायद्यात शर्यतींना परवानगी देण्यामागचे हेतू लिहून ठेवले आहेत. सरकारला महसूल मिळावा हा हेतू त्यात आहेच, पण शेतीला आणि राज्यातल्या अश्वपैदाशीला उत्तेजन मिळावं हाही आहे. तेव्हा दोन डॉलरची नोट घेऊन खिडकीपुढे रांगेत उभा असलेला गृहस्थ जुगारी आहे असं समजणं हा त्याच्यावर अन्याय आहे. कायद्याच्या नजरेनं तो पशुसंवर्धनाला हातभार लावतो आहे. हरला तर जरा जास्तच.

आपण नाक मुरडावं अशी आपली परिस्थिती नाही. १९९६ साली के. आर. लक्ष्मणन खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं निर्णय दिला की घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, सबब तो जुगार नव्हे. घोड्याचं कूळ, पाठीवरचं वजन, जॉकीचा हात, आधीची कामगिरी हे सगळं अभ्यासून माणूस पैसे लावतो. म्हणजे परीक्षेला बसल्यासारखंच, फक्त फी दर अर्ध्या तासानं. २०२३ साली पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं महाराष्ट्राचा बैलगाडा शर्यतींचा कायदा उचलून धरला, आणि त्या कायद्यातही परंपरेच्या जोडीला देशी वाणाचं जतन आहे. यात काही खोटं आहे असं मी म्हणत नाही. ट्रॅक्टर आल्यावर खिल्लार गोऱ्हा दावणीला ठेवायला शेतकऱ्याला काही तरी कारण हवं, आणि शर्यत हे कारण आहे. मला फक्त एवढंच दाखवायचं आहे की वाण सुधारण्याची तळमळ दोन्ही गोलार्धांत बरोबर शर्यतीच्या दिवशीच उचल खाते. कौशल्याबद्दल म्हणाल, तर १० ऑगस्ट १९९६ रोजी डेल मारला सिगार नावाचा घोडा धावायला आला. लागोपाठ सोळा शर्यती मारलेला. त्याची सतरावी बघायला ४४,१८१ कुशल माणसं जमली. जिंकला डेअर अँड गो, ज्याचा भाव एकाला एकोणचाळीस होता. त्या दिवशी त्याच्यावर पैसे लावणारे थोडे लोक खरे अभ्यासू म्हणायचे, की घोड्याचं नाव आवडलं म्हणून लावणारे, यावर कोर्टानं कुठं भाष्य केलेलं नाही.

पण मी कालक्रम सोडून पुढे गेलो. १९३६ च्या ऑक्टोबरात सॅन डिएगितो नदीच्या मुखाशी जत्रेचं नवं मैदान उभं राहिलं ते बेकारांना काम देण्याच्या केंद्र सरकारच्या योजनेतून, म्हणजे आपल्याकडच्या रोजगार हमीच्या चुलत घराण्यातून. रोजगार हमीतून आपल्याकडे पाझर तलाव झाले, रस्ते झाले. रेसकोर्स झाल्याचं ऐकिवात नाही. ट्रॅक बांधताना पैसे कमी पडले तेव्हा शेजारच्या रँचो सांता फे इथं राहणारा गायक-नट बिंग क्रॉस्बी आणि त्याचा मित्र, नट पॅट ओब्रायन यांनी खिशात हात घातला. ३ जुलै १९३७ रोजी शर्यती सुरू झाल्या आणि पहिल्या प्रेक्षकाचं स्वागत करायला खुद्द क्रॉस्बी दारात उभा होता. त्या दिवसाची पहिली शर्यत हाय स्ट्राइक नावाच्या घोड्यानं मारली. हाय स्ट्राइकचा मालक: बिंग क्रॉस्बी. यजमानानंच पहिल्या पंगतीला बसावं असा हा प्रकार. पण त्या काळी लोक खेळीमेळीचे असावेत, कारण कोणी काही मनावर घेतलं नाही. क्रॉस्बीनं पुढे ट्रॅकसाठी एक गाणंही म्हटलं, आणि ते आजही दर दिवशी पहिल्या शर्यतीच्या आधी आणि शेवटच्या शर्यतीनंतर वाजतं. जिंकलेल्या आणि हरलेल्या दोघांनाही एकच गाणं ऐकवणारी अशी दुसरी सार्वजनिक संस्था मला माहीत नाही.

या मैदानावरची सगळ्यांत गाजलेली शर्यत १२ ऑगस्ट १९३८ ची, आणि ती माझ्या मुद्द्यासाठी मुद्दाम घडवून आणल्यासारखी आहे. घोडे दोनच. एक सीबिस्किट, त्या काळी अमेरिकेचा गळ्यातला ताईत, मालक चार्ल्स हॉवर्ड. दुसरा अर्जेंटिनाहून आणलेला लिगारोटी, मालक बिंग क्रॉस्बी आणि त्याचा भागीदार लिंडसे हॉवर्ड. हा लिंडसे चार्ल्सचा सख्खा मुलगा. बक्षीस पंचवीस हजार डॉलर, जिंकेल त्याला सगळं. बाप-लेकांचे घोडे, त्यातल्या एकाचा भागीदार ट्रॅकचा चालक. लोक संशय घेतील अशी शंका आल्यावर वरिष्ठांनी एक उपाय काढला. शर्यत होऊ द्यायची, पण तिच्यावर पैसे लावू द्यायचे नाहीत. म्हणजे जुगारासाठी बांधलेल्या ट्रॅकवरची सर्वांत प्रसिद्ध शर्यत जुगाराशिवाय झाली. रेडिओवरून तिचं देशभर प्रक्षेपण झालं. सीबिस्किटच्या पाठीवर १३० पौंड, लिगारोटीच्या पाठीवर ११५. शेवटच्या वळणानंतर दोघं अगदी खांद्याला खांदा लावून आले आणि मग घोड्यांनी शर्यत चालू ठेवली व जॉकींनी मारामारी सुरू केली. एकानं दुसऱ्याचा हात धरला, दुसऱ्यानं पहिल्याच्या घोड्याचा लगाम. त्याच अवस्थेत सीबिस्किट नाकभर पुढे निघाला, आणि वेळ बघितली तर ट्रॅकचा विक्रम मोडलेला. दोन्ही जॉकींना निलंबित केलं, निकाल मात्र कायम ठेवला. या घटनेतून काही लोक असा अर्थ काढतात की पैशाविना शर्यत शुद्ध होते. मला त्यातून दिसतं ते वेगळंच: पैसे लावायला बंदी असूनही लोक आलेच. म्हणजे जुगार हेच या मैदानाचं खरं कारण आणि शेती ही फक्त बतावणी, हा टीकाकारांचा सिद्धांतही पुरता बसत नाही. जुगार हीसुद्धा एक सबबच होती. लोकांना यायचं होतं. माणसाला माणसांच्या गर्दीत जायचं असतं, आणि ‘उगीच’ हे उत्तर घरी चालत नाही.

सबब एकदा अंगवळणी पडली की ती बदलता येते, हेही या मैदानानं दाखवलं. १९४२ ते १९४४ शर्यती बंद होत्या. आधी तिथं मरीन सैनिकांचं प्रशिक्षण झालं, मग ग्रँडस्टँडखाली बी-१७ बॉम्बर विमानांचे सुटे भाग तयार होऊ लागले, आणि ते करणारी संस्था म्हणजे शर्यती चालवणाऱ्या टर्फ क्लबचाच विमान विभाग. शेतीच्या जागी देश आला. १९५० च्या दशकात टेक्सासच्या दोन तेलसम्राटांनी शर्यतींचा कारभार घेतला तेव्हा नफा मुलांच्या कल्याणासाठी काढलेल्या एका संस्थेकडे जाईल असं जाहीर झालं. देशाच्या जागी बालकं आली. त्याच सुमारास एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूव्हर दर उन्हाळ्यात जवळच्या ला होयाला मुक्काम टाकत आणि शर्यतींना हजर असत. देशातल्या संघटित गुन्हेगारीवर नजर ठेवणारा माणूस रोज दुपारी रेसकोर्सवर बसलेला असे. ज्याला हवं त्यानं ते कर्तव्य समजावं. या सगळ्या सबबींत मला बालकांची सबब सर्वांत कच्ची वाटते. विमानाचे भाग निदान जोडले तरी गेले.

आणि इथंच शेतीचं वेगळेपण कळतं. बाकीच्या सबबी नुसत्या सांगायच्या असतात, शेतीची सबब दरवर्षी करून दाखवावी लागते. मंडळाच्या नावात शेती आहे, त्यामुळे जून उजाडला की मैदानावर गाई, मेंढ्या, डुकरं, ससे आणि कोंबड्या हजर कराव्या लागतात. जत्रेला चांगल्या वर्षी दहा लाखांवर माणसं येतात, त्यांतली बहुतेक शहरातली. दूध कुठून येतं या प्रश्नाला ‘फ्रीजमधून’ म्हणणारी मुलं तिथं गाईच्या मागच्या बाजूला उभी राहून आयुष्यातला पहिला धडा घेतात. काउंटीतल्या शेतकी क्लबांची पोरं वर्षभर वाढवलेलं डुक्कर रिंगणात फिरवतात, परीक्षक त्याच्या पाठीचा ताठा बघतो, नंतर लिलाव होतो, आणि लिलावानंतर काही पोरं रडतात. याला नाटक म्हणता येत नाही. मुरंब्यांच्या, गोधड्यांच्या, लाकूडकामाच्या स्पर्धा होतात. मुरंब्याला निळी फीत मिळावी म्हणून माणसं जेवढा जिवाचा आटापिटा करतात, तेवढा पाच आकडी जॅकपॉटसाठीही करत नाहीत, आणि मुरंब्यात टोट नसते, हे लक्षात घ्या.

डुकरांच्या शर्यतीही असतात, म्हणजे मुख्य आकर्षणाची मूल्यं खालपर्यंत झिरपली आहेत. खाण्याच्या गल्लीत मात्र शेतीचं रूपांतर शेवटच्या टप्प्यावर पोचलेलं दिसतं. तिथं तळता येणार नाही अशी वस्तू निर्माण व्हायची आहे. क्रीमची बिस्किटं तळतात, लोणी तळतात. २०११ साली या जत्रेत रंगीत सरबताची पूड पिठात कालवून तिचे गोळे तळून विकले आणि ती बातमी देशभर झाली. बटाटावड्याच्या प्रदेशात वाढलेल्या आपल्या लोकांना तळण्याचं कौतुक नाही, पण सरबत तळण्यापर्यंत आपली मजल गेली नाही हे मान्य करायला हवं. आक्षेप घेणारे विचारतात, यात शेती कुठं आहे? मी म्हणतो, पिठात आहे, तेलात आहे. गहू आणि सोयाबीन पिकवणाऱ्यानं कधी तक्रार केलेली नाही.

आता जो आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही तो घोड्यांचा. शर्यतीत घोड्याचा पाय मोडला की बहुधा त्याला मारावंच लागतं. २०१६ च्या उन्हाळी मोसमात डेल मारला इतके घोडे दगावले की ट्रॅकवर सर्व बाजूंनी टीका झाली. अश्वपैदाशीला उत्तेजन देण्याच्या नावाखाली घोडे मारता, हे म्हणणं बिनतोड होतं. पण गंमत बघा, ते बिनतोड होतं ते सबबीमुळेच. उघडउघड जुगाराचा अड्डा असता तर टीकाकाराच्या हातात काय होतं? ‘तुम्ही वाईट आहात’ एवढंच. आणि अड्ड्यावाल्याला ते आधीपासून ठाऊक असतं. इथं मात्र सरकारी मंडळ, जाहीर बैठका, कायद्यात लिहिलेले हेतू. मंडळाला आणि शर्यती चालवणाऱ्यांना ट्रॅकचा पृष्ठभाग नव्यानं करावा लागला, पशुवैद्यांच्या तपासण्या कडक कराव्या लागल्या, आणि पुढच्या वर्षांत मृत्यूंचं प्रमाण खरोखर खाली आलं. शून्यावर आलं नाही, आणि जोवर शर्यती आहेत तोवर येणार नाही. ज्यांना एकही घोडा गमावणं मान्य नाही त्यांच्याशी मला वाद घालता येत नाही. सबब म्हणजे निर्दोषपणाचा दाखला नव्हे. ती फक्त दोषाचा जाब विचारायला एक खिडकी उघडी ठेवते.

दुसरा आक्षेप असा की अशा रुंद सबबीखाली काहीही खपेल. खपत होतंही. मैदानावरच्या प्रदर्शनांच्या हॉलमध्ये वर्षानुवर्षं बंदुकांचं प्रदर्शन-विक्री भरायची, आणि बंदूक कुठल्या पिकात मोडते हे कोणी विचारत नव्हतं. लोकांनी ओरड केल्यावर संचालकांनी ती थांबवायचं ठरवलं, प्रकरण कोर्टात गेलं, विधिमंडळानं या मैदानासाठी खास कायदा केला आणि २०२४ साली अपील न्यायालयानं तो कायदा वैध ठरवला. तेव्हा सबबीला काठ असतो. तो कुठं आहे हे मात्र पुरात जाऊनच कळतं.

टीकाकारांचा शेवटचा सल्ला व्यवहारी असतो: सरकारनं जत्रा चालवण्याचे धंदे सोडावेत आणि जागा विकून टाकावी. हा सल्ला प्रत्यक्षात आला होता. २००९ साली राज्याचं अंदाजपत्रक खड्ड्यात गेलं तेव्हा राज्यपाल आर्नल्ड श्वार्झनेगर यांनी विकायच्या सरकारी मालमत्तांच्या यादीत हे मैदानही घातलं. लगेच डेल मार गाव पुढे आलं. गावाची वस्ती चार हजारांच्या आसपास, बोली बारा कोटी डॉलरची. दरडोई हिशेब केला तर तान्ह्या बाळाच्या डोक्यावरही तीस हजार डॉलर. एरवी जत्रेच्या आवाजानं, धुरळ्यानं, ट्रॅफिकनं कावलेलं गाव जत्रा विकत घ्यायला निघालं, कारण तिच्यानंतर काय येईल हे गावाला नीट माहीत होतं. समुद्रासमोर सपाट, मोकळी शेकडो एकर जमीन किती काळ मोकळी राहील याचा अंदाज मुंबईकरांना समजावून सांगायची गरज नाही. महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ पासून आहे. भाडेपट्टा २०१३ साली संपला, त्यानंतर दहा-अकरा वर्षं शहरातल्या प्रत्येक पक्षानं त्या गवतावर आपापलं स्वप्न रंगवलं, आणि २०२४ मध्ये ठरलं की सुमारे १२० एकर महापालिकेच्या उद्यानाला आणि ९१ एकर शर्यतींना. घोडे तिथं दीडशे वर्षांच्या आसपास गोल गोल धावत राहिले नसते तर वाटणी करायला गवतच उरलं नसतं. डेल मारची विक्री शेवटी फसली आणि मैदान राज्याकडेच राहिलं. सबब पुन्हा एकदा उपयोगी पडली: शेतकी मंडळाची जत्रा विकली, हे वाक्य कुठल्याही राजकारण्याला आपल्या नावापुढे नको होतं.

मोकळी जागा आणि रिकामे तबेले यांचा आणखी एक उपयोग कोणी सबबीत लिहिला नव्हता. २००७ च्या ऑक्टोबरात सॅन डिएगोभोवतीचे डोंगर पेटले तेव्हा घरदार सोडून निघालेली माणसं इथं आली आणि त्यांच्याबरोबर दोन हजारांहून जास्त घोडे आले. घोडा घेऊन शाळेच्या वर्गात किंवा हॉटेलात जाता येत नाही. घोड्याला तबेला लागतो, आणि शेकडो तबेले पाणी-चाऱ्यासकट तयार ठेवणारी जागा शर्यतींशिवाय दुसऱ्या कोणी बांधलीच नसती. २०१७ च्या डिसेंबरात एक सराव केंद्र आगीत सापडलं, तिथून वाचलेले शेकडो घोडे पुन्हा इथंच आणले. २०२० साली करोनात जत्रा रद्द झाली, शर्यती रिकाम्या ग्रँडस्टँडपुढे झाल्या, आणि पुढच्या वर्षी मैदानावर लसीकरणाच्या रांगा लागल्या. शेतकी मंडळाच्या जागेत दंडावर सुई घेणाऱ्या कोणालाही ते विसंगत वाटलं नाही. गुरांना तिथं लस देतातच.

घोड्यांचं पुढे काय, हा प्रश्न आता वर आला आहे. ब्रीडर्स कपसारख्या मोठ्या शर्यती २०१७ पासून चार वेळा इथं झाल्या आणि उद्घाटनाच्या दिवशी बायका डोक्यावर बागेएवढ्या टोप्या घालून येतात, तरी पैसे लावणारा माणूस हळूहळू फोनवर गेला आहे. दुसऱ्या ट्रॅकवरच्या शर्यती टीव्हीवर बघून पैसे लावण्यासाठी मंडळानं एक मोठी इमारत बांधली होती. ती ओस पडली, आणि २०२३ पासून तिथं सुमारे दोन हजार लोकांचं संगीतगृह चालतं. हरलेल्यांचे सुस्कारे ऐकलेल्या भिंती आता तिकीट लावून गिटार ऐकतात. दरम्यान राज्यानं डेल मार गावाला बजावलं आहे की कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीही घरं बांधा. गावात एका खिडकीतून समुद्र दिसणाऱ्या घराची किंमत लाखो डॉलरांत, त्यामुळे गावानं नजर वळवली ती अर्थातच जत्रेच्या मैदानाकडे, आणि तिथं ६१ घरं बसवण्याची बोलणी सुरू झाली. नऊ संचालकांपुढे हा विषय जेव्हा मंजुरीला येईल तेव्हा इतिवृत्तात त्याची नोंद बागायतीखाली करायची की जिरायतीखाली, एवढंच ठरायचं राहील.